चोवीस सेंटिमीटर

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आभाळातून एक धोंडा पडला आणि या पृथ्वीचा इतिहास बदलला! येत्या बुधवारी साडेअकरा वाजता तसाच धोंडा आपल्या पटांगणात पडणार आहे, आणि या शाळेचा इतिहास बदलणार आहे!"

एवढं बोलून आमचे मुख्याध्यापक चिद्रवार सर थांबले. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. कुणाला टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवता याव्यात, एवढा वेळ त्यांनी दिला. मग आवाज नेहमीच्या पट्टीत आणून त्यांनी विचारलं,

"आता सांगा, मोठी परात कुणाकडं आहे?"

सहा पदवीधर विचारात पडले. दारात उभा असलेला इरबा शिपाई म्हणाला, "हणमंत आचाऱ्याकडं हाय की, सर. अख्ख्या लग्नाची बुंदी बसती तिच्यात."

इतिहासाचा तेवढा भाग मिटला.

याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. गाव लिंबटेक. एसटी जिथं वळसा घालून परत फिरते, कारण पुढं जाण्यासारखं काही नसतं, ते गाव. मी तिथं आठवी-नववीला विज्ञान शिकवायचो. वय पंचवीस, नोकरी कच्ची. दोन वर्षांतले शेवटचे चार महिने उरले होते. चार महिन्यांनी एक तर मी पर्मनंट होणार होतो, नाहीतर वळकटी बांधून त्याच एसटीनं परत जाणार होतो. माझं लग्न ठरलं होतं, पण तारीख ठरली नव्हती. होणाऱ्या सासऱ्यांनी मुहूर्त भटजींना न विचारता आमच्या मुख्याध्यापकांना विचारला होता. "ऑर्डर निघाली की कळवा, हॉल बघतो," असं त्यांचं पोस्टकार्ड चिद्रवार सरांनी मला स्वतः वाचून दाखवलं होतं.

त्या वर्षी जिल्ह्यात 'कृतीतून विज्ञान' नावाची योजना आली. योजना आली म्हणजे एक पिवळी पुस्तिका आली. पोरांनी स्वतः हातानं करून पाहायच्या बारा कृती तिच्यात होत्या. तिसरी कृती : लघुग्रह आणि विवरे. परातीत पीठ पसरायचं, वर रंगाचा थर द्यायचा, एक जड गोळी वेगवेगळ्या उंचीवरून सोडायची आणि पडलेल्या खड्ड्याची रुंदी पट्टीनं मोजायची. लघुग्रह जितक्या जोरात आदळतो तितकं विवर मोठं, हे पोरांना डोळ्यांनी दिसावं. कल्पना फार चांगली होती. घोटाळा एवढाच होता की पुस्तिकेत उत्तरंही दिली होती.

पंचवीस सेंटिमीटर उंचीवरून सोडल्यास विवर तीन सेंटिमीटर. पन्नासवरून सहा. शंभरवरून बारा. दोनशेवरून चोवीस. चारशेवरून अठ्ठेचाळीस. आचाऱ्याची परात लागली ती या शेवटच्या ओळीमुळं.

हा तक्ता वाचल्यावर मला कळलं की लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी पिठात काही टाकून पाहिलेलं नाही. हे त्रैराशिक होतं. चार मजूर दिवसात एक भिंत बांधतात, तर आठ मजूर किती भिंती, त्या जातीचं. मी पुस्तिका घेऊन चिद्रवार सरांकडं गेलो. सरांचा विषय इतिहास. छापलेल्या अक्षरावर त्यांची इतकी श्रद्धा होती की रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा ते विश्वासानं वाचायचे.

"सर, हा तक्ता चुकलाय."

"छापलाय."

"छापलाय, पण चुकलाय. उंची दुप्पट केली म्हणून खड्डा दुप्पट होत नाही. उंची आठपट केली तर खड्डा जेमतेम पावणेदोन पट होईल."

"कुणी सांगितलं?"

"भौतिकशास्त्रानं."

"ते बुधवारी येणार आहे का?"

"नाही, सर."

"पोहनेरकर साहेब येणार आहेत." त्यांनी पुस्तिका मिटून मुखपृष्ठावर बोट ठेवलं. 'संकलन : श्री. पोहनेरकर, विज्ञान पर्यवेक्षक.' "तुमचा पाठ बघून तुमच्या नावापुढं शेरा कोण लिहिणार आहे? पोहनेरकर साहेब. पुस्तिका कुणाची आहे? पोहनेरकर साहेबांची. आता तुमचं भौतिकशास्त्र काय म्हणतंय ते बघा."

भौतिकशास्त्र काहीच म्हणालं नाही.

मग तयारी सुरू झाली. पुस्तिकेत मैदा लिहिला होता. एवढी मोठी परात भरेल एवढा मैदा लिंबटेकमध्ये फक्त दिवाळीला असायचा, म्हणून प्रत्येक पोरानं घरून दोन वाट्या पीठ आणावं असं ठरलं. ज्वारी आली, गहू आला, बेसन आलं, एकानं तर थालीपिठाची भाजणी आणली. वरच्या थराला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला उरलेला गुलाल मिळाला. ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधला एक भला मोठा छर्रा हा आमचा लघुग्रह.

आणि प्रयोगवह्या. नववीच्या बेचाळीस प्रयोगवह्या शनिवारीच लिहून पूर्ण झाल्या. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं. प्रयोग बुधवारी होता. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आमच्याकडं प्रयोगवही नेहमीच आधी पुरी व्हायची आणि वेळ उरला तर प्रयोग व्हायचा. मी बेचाळीस निरीक्षणांखाली लाल शाईनं सह्या केल्या आणि मनगट दुखलं म्हणून तक्रारही केली.

आता मथुरेबद्दल सांगायला हवं. मथुरा घोरबांड, नववी ब. गवंड्याची पोर. आवाज खणखणीत आणि मोजायला पक्की, म्हणून पट्टी लावायचं काम तिला दिलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती बापाच्या हाताखाली असायची. भिंत एक सूत जरी बाहेर गेली तरी तिचा बाप आख्खा थर पाडायला लावायचा, असं ती अभिमानानं सांगे. त्यात मी एक चूक केलेली होती. पुस्तिका यायच्या आधी, लघुग्रहांचा धडा सुरू करताना मी वर्गात म्हणालो होतो, "पुस्तक आणि डोळा यांचं भांडण लागलं तर विज्ञानानं डोळ्याची बाजू घ्यायची." हे वाक्य मला फार आवडायचं. त्या वर्षी मी ते तीन वर्गांत वापरलं. बेचाळीस पोरांनी ते उतरवून घेतलं आणि एकीनं ते मनावर घेतलं.

सोमवारी रंगीत तालीम झाली. दोनशेवरून छर्रा पडला. मथुरेनं पट्टी लावली.

"सर, सात यायलंय."

"वहीत काय आहे?"

"चोवीस."

"मग?"

"मग वही चुकलीय."

पोरं हसली. मी छर्रा पुन्हा टाकायला लावला. पुन्हा सात. पंचवीसवरून चार, पन्नासवरून पावणेपाच, शंभरवरून पावणेसहा. विज्ञान इतकं तंतोतंत येताना मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं. मनातून मला फार बरं वाटलं, आणि लगेच बुधवार आठवला.

"हे बघ मथुरा, बुधवारी साहेब येतील. त्यांच्यासमोर पट्टी लावायची आणि वहीतलं वाचायचं."

"मग पट्टी कशाला लावायची?"

मी रागावलो. "लावायची म्हणजे लावायची! कृतीतून विज्ञान आहे हे!"

बुधवारी साडेअकराचे साहेब पाऊण वाजता जीपमधून उतरले. पोहनेरकर साहेब म्हणजे भरल्या अंगाचे, शांत गृहस्थ. बघताक्षणी वाटावं की यांना आयुष्यात कधी घाई झालेली नाही आणि भूक मात्र वेळेवर लागते. स्वागतगीत झालं, हार झाला. चिद्रवार सरांनी परातीला हळदीकुंकू लावून ठेवलं होतं. साहेबांच्या हस्ते तिच्यापुढं नारळ फुटला. पाणी उडून पिठात पडलं आणि तिथं दोन-तीन छान गोल खड्डे पडले. त्या दिवसातला तेवढाच प्रयोग आम्ही न ठरवता झाला. इरबानं तो हातानं सारखा करून टाकला.

"उशीर झालाय," चिद्रवार सर कानाशी लागले. "खालच्या उंच्या सोडा. एकदम दोनशेवरून टाका. जेवण निवायलंय."

इरबा स्टुलावर चढला. छर्रा त्यानं आधी कपाळाला लावला, मग शेजारी रोवलेल्या बांबूवरच्या दोनशेच्या खुणेशी धरला. चिद्रवार सर म्हणाले, "सोड." भप्प करून आवाज झाला, गुलाल उडाला, पोरांनी 'ओऽ' केलं. साहेबांनी खिशातून फॉर्म काढून पेनाचं टोपण उघडलं.

मथुरा गुडघ्यांवर बसली. तिनं पट्टी लावली. शेजारी उघडून ठेवलेल्या वहीकडं एकदा पाहिलं, मग पट्टीकडं. मी देवाचं नाव घेतलं. मी विज्ञानाचा शिक्षक होतो, तरी घेतलं.

"सात."

"किती?" साहेबांनी विचारलं.

"सात सेंटिमीटर, साहेब."

साहेबांनी फॉर्मवरून मान वर केली.

"नीट बघ गं," चिद्रवार सर हसत म्हणाले. ते हसणं चेहऱ्याला पुरत नव्हतं. "पट्टी उलटी धरली असशील."

मथुरेनं पट्टी उलटी केली. तिनं तेही प्रामाणिकपणे पाहिलं. "उलटीकडनं वाचलं तर तेवीस यायलंय, सर. चोवीस तरीबी नाही."

साहेबांचं पेन फॉर्मच्या रकान्यावर येऊन थांबलं होतं. ते रागावलेले दिसत नव्हते. दुसऱ्याच्या घरी सांडलेलं कोण पुसतंय, हे पाहावं तसे ते पाहत होते. चिद्रवार सर माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या नजरेत मला माझ्या सासऱ्यांचं पोस्टकार्ड स्पष्ट दिसलं.

गावात अजून मला भेटणारे जुने विद्यार्थी सांगतात की त्या दिवशी चिद्रवार सरांनी काहीतरी लटपट करून वेळ मारून नेली. मी कधी कुणाची दुरुस्ती केली नाही. चिद्रवार सर आता नाहीत, त्यांना काही फरक पडत नाही. पण त्यांनी काहीच केलं नाही. त्यांना तेवढं विज्ञान येत नव्हतं.

मी पुढं झालो.

"साहेब, कडा ढासळलीय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच विद्वान वाटला. "लघुग्रह आदळला की उडालेलं द्रव्य परत आत येऊन पडतं. मूळ कडा त्याच्याखाली दडते. मोजण्याआधी ती मोकळी करावी लागते."

"असं असं," साहेब म्हणाले.

मी परातीपाशी बसलो. पट्टी बाजूला ठेवून तिच्यावरची चोवीसची खूण डोळ्यांत धरली आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं पिठात एक सुबक वर्तुळ काढलं. मग हळूहळू आतलं पीठ कडेला लोटलं. गुलाल, ज्वारी, बेसन, भाजणी, सगळे थर नीट दिसू लागले. चंद्रावरच्या विवराला लाजवील असं विवर झालं. बेचाळीस पोरं, सहा शिक्षक, एक शिपाई आणि एक विज्ञान पर्यवेक्षक डोळे विस्फारून पाहत होते, आणि एकालाही 'हे काय करताय' असं विचारावंसं वाटलं नाही. मी इतक्या शांतपणे करत होतो की ते शास्त्रीयच दिसत असणार.

"मोज," मी म्हणालो.

मथुरा माझ्या बोटाकडं पाहत होती. "मी मोजलं की, सर."

"आता मोज."

तिनं पट्टी लावली. वाकून, एक डोळा मिटून, बापासारखी.

"चोवीस."

ज्या आवाजात तिनं 'सात' म्हटलं होतं त्याच आवाजात म्हटलं. पट्टीवर चोवीसच होतं. तिनं डोळ्याला दिसलं तेच सांगितलं. टाळ्या कडाडल्या. साहेबांनी रकाना भरला. चारशे सेंटिमीटरचा प्रयोग वेळेअभावी झाला असं समजण्यात आलं, आणि सगळे जेवायला गेले.

जेवणानंतर चिद्रवार सरांच्या परसात मी साहेबांच्या हातावर तांब्यानं पाणी घालत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"बिडवे," साहेब बोटं चोळत म्हणाले, "आठपट उंचीला पावणेदोन पट, नाही का?"

"हो, साहेब."

"मीही एम.एस्सी. आहे हो. फिजिक्सच. पुस्तिका दोन दिवसांत मागितली होती वरून. ऑफिसात परात कुठनं आणू?" त्यांनी चूळ भरली. "बोट सफाईदार आहे तुमचं. पाणी घाला थोडं."

मी घातलं.

"होऊन जाईल तुमचं. आणि त्या पोरीच्या हातात परत पट्टी देऊ नका."

शेरा 'अत्युत्तम' आला. पुढच्या वर्षी पिवळ्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. तक्ता तोच होता, पण कृतीत एक पायरी वाढली होती : 'मोजमापापूर्वी विवराची मूळ कडा बोटाने हलक्या हाताने मोकळी करून घ्यावी.' त्यानंतर कित्येक वर्षं त्या जिल्ह्यातले शेकडो विज्ञान शिक्षक पिठात बोट घालून लघुग्रह शिकवत होते. माझं नाव कुठं छापलं नव्हतं. विज्ञानात माझी भर एवढीच, आणि तीही निनावी.

पण हे सगळं पुढचं. त्या आठवड्यात ऑर्डर अजून यायची होती, आणि चिद्रवार सर रोज पोस्टमनला माझ्यासमोर विचारत होते, "काही आहे का हो आमच्या बिडव्यांचं?"

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत होतो. प्रयोगशाळा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीमागचं एक कपाट आणि त्याच्यापुढची दोन फूट जागा. मथुरा आली. तिच्या हातात प्रयोगवही होती.

"सर, सही पायजे."

"केलीय की मी. सगळ्यांच्याच केल्यात."

"ती फुडच्या पानावर. ही मागच्या."

तिनं वही उघडून कपाटाच्या फळीवर ठेवली. शेवटच्या पानावर पट्टीनं आखलेला तक्ता होता. सोमवारचे चार आकडे होते. चार, पावणेपाच, पावणेसहा, सात. त्याखाली बुधवारची तारीख घालून स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'दोनशे सेंमी. विवराची रुंदी सात सेंमी. सरांनी बोट फिरवल्यावर, चोवीस सेंमी.'

त्याखाली 'अनुमान' असं लिहून जागा मोकळी सोडली होती.

"अनुमान लिहिलं नाहीस?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"त्ये मला येईना, सर. तुमी सांगाल म्हणून सोडलंय."

"मग ते राहू दे. सही कशाला हवी तुला?"

"सही नसली तर प्रयोग झाला असं धरत न्हाईत. तुमीच सांगितलंव."

सांगितलं होतं. आणि ती थट्टा करत नव्हती. थट्टा करत असती तर मी तिला ओरडून हाकलून दिलं असतं आणि आज पस्तीस वर्षांनी तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. तिनं मोजलं होतं, लिहिलं होतं. आता विज्ञानाच्या शिक्षकाची सही झाली की काम पुरं.

तिनं दप्तरातून एक पेन काढून माझ्या हातात दिलं. मी त्याचं टोपण काढलं. वही जरा सरळ केली. मग मला भिंतीपलीकडं चिद्रवार सरांचा खोकला ऐकू आला. मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. 'सरांनी बोट फिरवल्यावर.' अक्षर फारच सुरेख होतं, कुणालाही वाचता आलं असतं. त्याखाली माझी सही, तारखेसकट. ऑर्डर अजून यायची होती. हॉल बघायचा होता.

"अक्षर छान आहे तुझं," मी म्हणालो.

ती माझ्या हाताकडं पाहत उभी राहिली, परवा परातीपाशी पाहत होती तशीच. मी आकडे पुन्हा एकदा तपासल्यासारखं केलं. 'सें'वरचा अनुस्वार बरोबर आहे का, ते पाहिलं. सगळं बरोबर होतं. शोधूनही एक चूक सापडेना. बाहेर इरबानं घंटा दिली. पोरं आरडाओरडा करत वर्गात शिरली आणि पटांगण रिकामं झालं.

मथुरेनं फळीवरची वही हळूच ओढून घेतली, मिटली आणि छातीशी धरली.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "तेवढं पेन द्या. इंग्रजीचा तास हाय."